सरफोजीराजांचे विजेचे यंत्र : वाट पाहण्याचा एक इतिहास

आपल्या व्याख्यानमालेत लढाया, किल्ले आणि तह यांच्यावर पुष्कळ बोलणे होत असते. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आजचा विषय आहे वाट पाहणे. पैसे आगाऊ भरून एखादे यंत्र मागवायचे आणि ते आज येईल, उद्या येईल म्हणून दाराकडे डोळे लावून बसायचे.

हा अनुभव आता घरोघरी आहे. नवा फोन बाजारात येण्याआधीच मुले त्याची नोंदणी करतात. कुणी मनगटावरचे घड्याळ मागवतो, कुणी ड्रोन, कुणी खेळाचे यंत्र. कंपनी तारीख देते, ती तारीख टळते, मग दुसरी तारीख येते. पडद्यावर एक ठिपका दिसतो : माल गोदामातून निघाला, विमानतळावर पोचला, तिथेच अडकला. दिवसातून दहा वेळा तो ठिपका बघायचा आणि चडफडायचे. पंधरा दिवस उशीर झाला की घरातले वातावरण तापते.

मी हे तंजावरहून बोलतो आहे. या गावात सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक मराठी राजा अशीच वाट पाहत होता. त्याची यंत्रे लंडनहून यायची. पंधरा दिवसांचा उशीर तिथे मोजलाही जात नसे. दीड-दोन वर्षे ही नेहमीची गोष्ट होती. आणि ठिपका दाखवणारा पडदा तर नव्हताच. त्या राजाचे नाव दुसरे सरफोजीराजे भोसले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ, यांनी इथे जे राज्य उभे केले, त्या गादीवर सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात होते.

आधी त्यांची परिस्थिती समजून घेऊ, म्हणजे यंत्रांची हौस नुसती हौस नव्हती हे ध्यानात येईल. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजीराजे वारले. गादी अमरसिंहाकडे गेली. दत्तक घेतलेले पोर एका अर्थाने नजरकैदेत वाढले. त्यांची काळजी वाहिली ती श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने. त्याने त्यांना इंग्रजी आणि पाश्चात्त्य विद्या शिकवण्याची व्यवस्था केली. पुढे जिवाला धोका नको म्हणून राजपुत्राला मद्रासला नेले. अखेर १७९८ मध्ये इंग्रजांच्या पाठिंब्याने गादी मिळाली. म्हणजे वाट पाहण्याचे शिक्षण त्यांना लहानपणीच मिळाले होते. अकरा वर्षे त्यांनी स्वतःच्या गादीची वाट पाहिली.

पण गादी मिळाली आणि राज्य गेले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरले ते किल्ला, राजवाडा, वर्षाला १ लाख पॅगोडा आणि राज्याच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. पॅगोडा म्हणजे मद्रासकडचे सोन्याचे नाणे, साधारण साडेतीन रुपयांचे. पैसा भरपूर होता, पण फौज नाही, परराष्ट्र व्यवहार नाही, मुलखाचा वसूल हातात नाही. राजांचे वय तेव्हा बावीस होते. सैन्यात आम्ही म्हणत असू की ज्या अधिकाऱ्याला काम नाही, तो एक तर बिघडतो, नाही तर पुस्तके वाचायला लागतो. सरफोजीराजे पुस्तके वाचायला लागले. आणि पुस्तकात जे यंत्र दिसले, ते मागवायला लागले.

आता ते काय काय मागवत होते ते बघा. मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले होते. त्यांच्यासोबतच्या पाद्र्याने राजांच्या ग्रंथालयाचे वर्णन लिहून ठेवले आहे. खांबांच्या तीन रांगा असलेले मोठे दालन, इंग्रजी पद्धतीचे सामान, एका बाजूला भोसले घराण्यातल्या पुरुषांची चित्रे. फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, ग्रीक, लॅटिन पुस्तकांची दहा कपाटे, आणि मराठी-संस्कृत हस्तलिखितांची दोन. शेजारच्या खोलीत यंत्रे होती : हवा ओढून निर्वात करणारा पंप, विजेचे यंत्र, हस्तिदंती सांगाडा, आकाश पाहायची उपकरणे. सांगाडा हस्तिदंताचा कशासाठी? शरीरशास्त्र शिकायचे तर सांगाडा हवा, आणि खऱ्या हाडांना हात लावायचा तर विटाळ. त्यावर राजांनी काढलेला हा तोडगा. शास्त्रही राहिले आणि सोवळेही.

या यादीतले विजेचे यंत्र हा आपल्या आजच्या गोष्टीचा नायक. त्या काळचे हे सर्वांत नवलाचे उपकरण. वीज म्हटले की आपल्याला दिवा आठवतो, पण तेव्हा विजेने दिवा लागत नव्हता. यंत्र असे असे : काचेची एक मोठी नळी किंवा चकती, ती फिरवायला दांडा, आणि तिला घासणारी कातड्याची उशी. उशीला पारा, कथील, जस्त यांचे मिश्रण चोपडलेले. दांडा फिरवला की घर्षणाने काचेवर विद्युतभार साठतो. तो पितळी दांड्यावर उतरवायचा, तिथून काचेच्या बरणीत भरून ठेवायचा. बोट जवळ नेले की चटकन ठिणगी उडते आणि माणूस दचकतो. युरोपात दरबारी लोक याची गंमत बघत. पण लंडनच्या इस्पितळांत लकव्याच्या रोग्यांवर त्याचे उपचारही होत असत. वैद्यकाचा नाद असलेल्या राजाला हे यंत्र का हवेसे वाटले असेल, हे सहज समजते.

आता असे यंत्र तंजावरहून मागवायचे म्हणजे काय करायचे, त्याचा हिशेब मांडू. हा हिशेब मला एका जुन्या फौजीच्या नजरेने फार आवडतो, कारण यात सगळी रसदच आहे.

समजा, पौष महिन्यात राजांनी यादी लिहिली. इंग्लंडला परतणारी जहाजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत निघत. यादी त्यातल्या एकावर चढली. आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून, चार-पाच महिन्यांनी ती लंडनला पोचली. तिथे राजांचा माणूस होता बेंजामिन टोरिन. हा आधी तंजावरला कंपनीचा रेसिडेंट होता. मायदेशी गेल्यावर तो राजांसाठी पुस्तके आणि उपकरणे खरेदी करू लागला. त्याला यादी मिळाली की तो कारागिरांकडे जाणार. लंडनमध्ये तेव्हा फ्लीट स्ट्रीट, होबर्न, सेंट पॉलचे आवार या भागांत उपकरणे करणाऱ्यांची नामांकित दुकाने होती. डॉलंड यांच्या दुर्बिणी जगभर जात. पण चांगले उपकरण पुष्कळदा मागणीनुसार घडवले जाई. त्याला काही महिने. मग काच फुटू नये अशी बांधणी. मग कंपनीच्या जहाजावर जागा. आणि हिंदुस्थानकडे येणारी जहाजे मोसमी वारा साधण्यासाठी बहुतेक वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत निघत. म्हणजे यंत्र ऑक्टोबरात तयार झाले, तरी ते पुढच्या साली निघणार आणि पावसाळ्यात मद्रासला पोचणार. सगळे सुरळीत झाले तर दीड वर्ष. एक मोसम चुकला की अडीच.

आणि मद्रासला पोचले म्हणजे पोचले असे नाही. मद्रासला तेव्हा बंदर नव्हते. जहाज उघड्या समुद्रात नांगर टाकी, आणि माल मसुला होड्यांतून किनाऱ्यावर येई. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या असत, कारण मद्रासच्या लाटांत ताठ होडी फुटायची आणि शिवलेली होडी वाकून तगायची. विचार करा : पाच महिने समुद्रातून जपून आणलेली काच, आणि शेवटच्या दोन-तीन फर्लांगांत अशा होडीत ती हिंदकळते आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वाऱ्याचे वादळी दिवस. तेव्हा जहाजे मद्राससमोर उभी राहायलाच धजत नसत. तिथून पुढे किनाऱ्याने नागपट्टणपर्यंत, किंवा बैलगाडीने साडेतीनशे किलोमीटर तंजावर.

हे झाले शांततेच्या काळातले. पण सरफोजीराजांच्या कारकिर्दीची पहिली सोळा-सतरा वर्षे इंग्रज आणि फ्रेंच यांचे युद्ध चालू होते. मॉरिशस फ्रेंचांकडे होते आणि तिथून निघणारी खासगी लढाऊ जहाजे बंगालच्या उपसागरात शिकार करत. ऑक्टोबर १८०० मध्ये सुर्कूफ नावाच्या फ्रेंच कप्तानाने कंपनीचे केंट हे भलेमोठे जहाज स्वतःच्या लहानशा जहाजाने पकडले. त्यामुळे कंपनीची जहाजे ताफा करून आणि लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात निघायची. ताफ्याचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत मंद जहाजाचा वेग, हे ज्यांनी फौजी काफिल्यात प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको. डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी मॉरिशस घेतले तेव्हा कुठे हा रस्ता मोकळा झाला. शत्रू नसला तरी समुद्र होताच. फेब्रुवारी १८०५ मध्ये अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी हे जहाज इकडे यायला निघाले आणि इंग्लंडचा किनारा दिसत असतानाच बुडाले. अडीचशेहून जास्त माणसे गेली. जहाजाचा कप्तान होता कवी वर्ड्‌स्वर्थ यांचा धाकटा भाऊ. अशा जहाजांत किती जणांच्या मागवलेल्या पेट्या असतील! तंजावरला बसलेल्या माणसाला पेटी निघाली की नाही, हेही कळायला सहा महिने. आणि बुडाली हे कळेपर्यंत तो तिचीच वाट पाहत राहणार.

याचा एक लेखी दाखला आहे. श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारला. ज्याने आपल्याला लेकरासारखे सांभाळले, त्याचे संगमरवरी स्मारक व्हावे असे राजांना वाटले. त्यांनी मे १८०१ मध्ये लंडनच्या मिशनरी संस्थेला तसे पत्र लिहिले आणि स्मारक चर्चमध्ये कुठल्या खांबाला बसवायचे तेही कळवले. काम गेले जॉन फ्लॅक्समन या इंग्लंडच्या मोठ्या शिल्पकाराकडे. शिल्प पुरे व्हायला १८०७ साल उजाडले. सहा वर्षे! मरणशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजीराजे, असे ते शिल्प आजही इथल्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. तंजावरला आलात तर मोठ्या देवळानंतर ते जरूर बघा. एका मराठी राजाने एका जर्मन धर्मगुरूचे स्मारक इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले, आणि ते तमिळ मुलखात उभे आहे.

उशीर फक्त वस्तूंना होत नसे, बातमीलाही होई. तंजावरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्रकाठी, राजांनी बांधलेला आठ मजली मनोरा आहे. नाव मराठीच, मनोरा. नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून तो उभारला आणि त्यावरच्या शिलालेखात १८१४ साल आहे. एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियन गादीवरून उतरला होता हे खरे. पण मार्च १८१५ मध्ये तो पुन्हा पॅरिसात दाखल झाला, आणि खरा शेवट झाला जून १८१५ मध्ये वॉटर्लूला. म्हणजे इथे दगडावर विजय कोरला जात होता त्या सुमारास तिकडे पराभूत बादशहा पुन्हा घोड्यावर बसला होता. बातमी चार-पाच महिने शिळी असली की असे होते.

आता विजेच्या यंत्राकडे परत येऊ. समजा, सगळी संकटे टळून ते राजवाड्यात पोचले. पेटी उघडली, काच शाबूत आहे. पुढे काय? इथे दोन गोष्टी आड येतात, आणि आजच्या खरेदीदारालाही त्या ओळखीच्या वाटतील.

पहिली गोष्ट हवामान. घर्षणाची वीज कोरड्या हवेत टिकते, दमट हवेत गळून जाते. थंड देशातल्या शेकोटी पेटवलेल्या दिवाणखान्यात ठिणग्या उडवणारे यंत्र कावेरीच्या खोऱ्यात, ऐन पावसात फिरवले तर हात दुखतील आणि ठिणगी दिसायची नाही. काच कोमट करून, पुसून कोरडी करून, योग्य दिवस बघून काम करायचे. यंत्र आले तरी त्याच्यासाठी कोरड्या दिवसाची वाट बघायचीच.

दुसरी गोष्ट म्हणजे नवा नमुना. मार्च १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टाने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्या नव्या शोधाची माहिती दिली. तांबे किंवा चांदी, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे यांची चळत, म्हणजेच आपल्या आजच्या बॅटरीची आजी. ती दांडा न फिरवता सतत प्रवाह देई. त्या दिवसापासून घर्षणाचे यंत्र मागच्या पिढीचे झाले. १८२० मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेडने दाखवले की विजेच्या तारेजवळ चुंबकसुई हलते. १८३१ मध्ये फॅरेडेने हलत्या चुंबकाने वीज निर्माण केली. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे वारले. म्हणजे १८२६ मध्ये पाहुण्यांनी जे यंत्र कौतुकाने पाहिले, ते तोवर युरोपात शाळेत दाखवायचे जुने साधन होऊ लागले होते. दीड वर्षे वाट पाहायची, आणि वस्तू हाती येईपर्यंत तिची पुढची आवृत्ती निघालेली. नव्या फोनच्या बाबतीत आपण हीच तक्रार करतो ना?

मग या माणसाने सगळे आयुष्य चडफडण्यात घालवले का? नाही. आणि ते कसे, हेच मला आज सांगायचे आहे.

सैन्यात असताना मी एका अशा ठाण्यावर होतो, जिथला रस्ता बर्फाने चार-पाच महिने बंद असे. जनरेटरचा एक सुटा भाग मागवला होता आणि तो येत नव्हता. जवान रोज विचारत, साहेब, आला का? आमच्या हवालदाराने मात्र त्या दिवसांत दुसरा, बंद पडलेला जनरेटर पुरता उकलला आणि दोन पोरांना त्याचा खिळा न् खिळा शिकवला. भाग हेलिकॉप्टरने आला तेव्हा त्या पोरांनी तासाभरात तो बसवला. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी दोन दुरुस्त्या सुटा भाग न मागवताच केल्या. वाट पाहण्याचा वेळ तोच, पण हवालदाराने त्या वेळातून दोन कारागीर काढले.

सरफोजीराजांचे तसेच आहे. त्यांनी मागवलेल्या वस्तूंचे दोन गट पडतात. एक गट बघण्याच्या वस्तूंचा, आणि दुसरा गट अशा वस्तूंचा, ज्यांच्यातून इथल्या माणसांनी पुढचे काही केले. विजेचे यंत्र पहिल्या गटात राहिले. छापखाना दुसऱ्या गटात गेला.

छापखान्याची गोष्ट मराठी वाचकाने तरी लक्षात ठेवायला हवी. १८०५ च्या सुमारास राजवाड्यात छापखाना सुरू झाला आणि १८०६ मध्ये त्यातून ‘बाळबोधमुक्तावळी’ हे पुस्तक निघाले. इसापनीतीतल्या गोष्टींचे ते मराठी रूप, सख्खण पंडितांनी केलेले. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांत ते मोडते. तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती आणि पुण्यात मराठी छापखाना नव्हता. दूर बंगालमध्ये श्रीरामपूरला केरी मराठीचे व्याकरण छापत होते आणि दूर दक्षिणेत तंजावरला मराठी पोरांसाठी गोष्टींचे पुस्तक छापले जात होते. १८२६ मध्ये बिशप हेबर आले तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ याच छापखान्यात मराठीत एक ओळ छापून दाखवली गेली. म्हणजे वीस वर्षांनंतरही ते यंत्र धूळ खात पडले नव्हते आणि चालवणारे हातही इथलेच होते.

वैद्यकाचेही तसेच. राजांच्या धन्वंतरी महालात देशी वैद्य आणि इंग्रजी औषधविद्या एकत्र काम करत. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. रोगी कोण, डोळ्याला काय झाले, काय उपाय केला, हे लिहून ठेवायची शिस्त त्यांत दिसते. पुस्तके परदेशी आली, रोगी आणि चित्रकार इथले, आणि त्यातून तयार झालेले ज्ञान इथेच जमा झाले. हस्तलिखितांच्या बाबतीत तर राजांनी पुढचे पाऊल टाकले. १८२० ते १८२२ या काळात मोठा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेला गेले. तिथे पंडितांकडून ग्रंथ मिळवले, नकला करवल्या. जे स्वतः जाऊन आणता येते, त्याची दारात बसून वाट बघायची नाही.

आता या गोष्टीतले कडू सत्यही सांगितले पाहिजे. राजांची प्रत्येक पेटी कंपनीच्या जहाजातून आली. त्यांचा लंडनचा माणूस हा कंपनीचा जुना रेसिडेंट. बंदर कंपनीचे, समुद्र कंपनीचा, पुढे नागपट्टणही कंपनीचे. ज्याच्या हाती पुरवठा, त्याच्या हाती तुमचा वेळ. हा रसदशास्त्राचा पहिला धडा आहे. १७९९ मध्ये तलवार गेली तेव्हाच हे ठरले होते. काच घडवायची विद्या लंडनलाच राहिली. यंत्र विकत मिळाले, यंत्र करण्याचे कसब पेटीत घालून आले नाही. हिंदुस्थानी माणसाने विजेच्या लहरींवर जगाला मान डोलवायला लावणारे काम केले ते १८९० च्या दशकात, कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी. आणि त्यांनी आपली उपकरणे इथल्याच कारागिराच्या मदतीने तयार करवली होती.

आजही फार वेगळे नाही. २०२० नंतर जगात इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा झाला, तेव्हा गाड्यांपासून खेळाच्या यंत्रांपर्यंत सगळ्यांच्या रांगा लागल्या. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस जगाचा माल अडला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कित्येक जहाजे पुन्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. बघा, सरफोजीराजांच्या पेट्यांचा तोच रस्ता! दोनशे वर्षांत जहाजे बदलली, पण अडचणीच्या वेळी वळसा तोच.

राजांच्या मागे काय उरले? त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले. कंपनीने राज्याची उरलीसुरली खूण पुसली आणि राजवाड्यातल्या मालमत्तेवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की ही राज्यसत्तेची कृती आहे, त्यावर न्यायालय निवाडा करू शकत नाही. तेही वाट पाहणेच होते, आणि त्याचे फळ असे मिळाले.

पण ग्रंथालय टिकले. १९१८ मध्ये ते सर्वांना खुले झाले. राजांनी जमवलेली चार हजारांहून अधिक युरोपीय पुस्तके तिथे आहेत. लाव्हॉझिएचे रसायनशास्त्र आहे, जॉन्सनचा शब्दकोश आहे, कित्येक पुस्तकांवर राजांची इंग्रजीतली सही आहे. शेजारी तमिळ, संस्कृत, तेलुगू पोथ्या आणि हजारो मराठी हस्तलिखिते आहेत. मोडी कागदांचे गठ्ठे आहेत, आणि ते वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तंजावरच्या मराठी घरांत अजून आपली बोली बोलतात, पण मोडी वाचता येणारे फार थोडे. त्या कागदांवर शंभर-दीडशे वर्षे हिशेब, याद्या, मागण्या लिहिल्या गेल्या. आता ते गठ्ठे वाचकाची वाट पाहत आहेत.

म्हणून माझी तरुण मित्रांना एक सूचना आहे. मागवलेले यंत्र लांबले, तर त्या पंधरा-वीस दिवसांत दिवसाला अर्धा तास मोडी शिका. बाराखडी पंधरा दिवसांत बसते, अक्षर ओळखायला महिनाभर लागतो. यंत्र यायचे तेव्हा येईल, आणि दोन वर्षांनी जुनेही होईल. शिकलेले अक्षर जुने होत नाही. तंजावरला येऊन एखादा गठ्ठा सोडून बसलात, तर राजांनी लंडनहून काय मागवले आणि ते कधी पोचले, हे कदाचित तुम्हीच आम्हाला वाचून दाखवाल.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या भोसले वंशाच्या मराठी शिलालेखाबद्दल बोलू.